सुटीत घरी येणारी मुले

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुलुंड येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि शिष्यवृत्त्यांचे वाटप हा आपल्या संमेलनातील सर्वांत आनंदाचा कार्यक्रम नुकताच पार पडला. त्यानंतर चार शब्द बोलण्याचा मान कार्यकारी मंडळाने मला दिला, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. शिक्षणाचे महत्त्व या विषयावरील व्याख्यान आपण दरवर्षी ऐकता. ते महत्त्व आपणांस पटलेले आहे, याचा पुरावा समोर बसलेल्या या मुलामुलींच्या रूपाने आपल्यापुढे आहे. म्हणून आज मी एका घरगुती विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. शिक्षणासाठी परगावी गेलेले मूल डिसेंबरच्या सुटीत घरी येते तेव्हा आपण त्याचे स्वागत कसे करतो, हा तो विषय होय. मुलांची पाठवणी आपल्याला चांगली साधली आहे. स्वागत मात्र अजून साधावयाचे आहे, असे माझे नम्र मत आहे.

आपल्या उपनगरांना हा अनुभव तसा नवा आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली ती घाटकोपर-मुलुंडच्या याच भूमीवरून, आणि १९२८ साली पश्चिमेकडील विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली. तेव्हापासून येथील मुलाचे शिक्षण लोकलगाडीशी बांधले गेले. सकाळी डबा घेऊन निघावे, एल्फिन्स्टन, विल्सन किंवा १९३७ पासून माटुंग्याचे रुईया महाविद्यालय गाठावे आणि सायंकाळी घरी परतावे, असा क्रम असे. पुढे महाविद्यालयेच आपल्या दाराशी आली. अंधेरीस भवन्स १९४६ मध्ये, विलेपार्ल्यास पार्ले कॉलेज १९५९ मध्ये, घाटकोपरला झुनझुनवाला १९६३ मध्ये आणि येथे मुलुंडला वझे महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झाले. त्यामुळे मूल शिकले ते आईच्या डोळ्यांसमोर. घरी परत येणारा विद्यार्थी आपल्याकडे नव्हताच. उलट गावचा पुतण्या-भाचा आपल्या दोन खोल्यांत शिकण्यासाठी राहत असे, आणि मे महिन्यात तो गावी गेला की त्याची आजी त्याला दारातच थांबवून, भाकरतुकडा ओवाळून टाकून, पायांवर पाणी घालून मग घरात घेत असे. स्वागताची ती रीत गावच्या घराला ठाऊक होती. उपनगरातल्या सदनिकेला ती आता शिकावी लागत आहे.

कारण आज आपली मुले खरगपूर, कानपूर, सुरतकल, तिरुचिरापल्ली, बंगळूर येथे शिकत आहेत. कित्येक पुण्यास, सांगलीस, नागपुरास आहेत. आपल्या लहानपणी मोठी सुटी म्हणजे दिवाळीची. पण अशा अनेक संस्थांत दिवाळीच्या वेळी सत्र भरात असते आणि हातात पडतात ते फार तर दोन-चार दिवस. परीक्षा संपतात त्या नोव्हेंबरअखेरीस अथवा डिसेंबरात, आणि पुढचे सत्र जानेवारीत सुरू होते. मधले तीन-चार आठवडे हीच या मुलांची खरी दिवाळी. आपल्या घरांतून डिसेंबरात चकलीचे पीठ भिजू लागले आहे आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा मुलगा येण्याच्या तारखेशी जुळते की नाही हे पाहिले जात आहे, ते यामुळेच.

शिकून घरी आलेल्या मुलाच्या स्वागताचा विचार आपल्या पूर्वजांनी केला नव्हता असे मात्र नाही. गृह्यसूत्रांत मधुपर्काने ज्यांचा सत्कार करावा असे जे मोजके पाहुणे सांगितले आहेत, त्यांत आचार्य, राजा, सासरा यांच्या पंक्तीला स्नातक, म्हणजे विद्या संपवून परतलेला तरुण, बसविलेला आहे. कालपर्यंत ज्याचे कान धरले, त्याला आज मानाच्या पाहुण्याचे आसन द्यावयाचे, असा त्याचा अर्थ. आणि छांदोग्य उपनिषदात तर अशा परतीची एक संपूर्ण कथाच आहे. उद्दालक आरुणीने आपल्या श्वेतकेतू नावाच्या मुलाला बाराव्या वर्षी गुरुगृही धाडले. धाडताना तो म्हणाला, की आपल्या कुळात विद्या न शिकता केवळ जन्माच्या नावावर मिरविणारा कोणी झाला नाही. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे वाक्य आठवण्याजोगे आहे! चोविसाव्या वर्षी मुलगा परतला तो विद्येच्या ताठ्याने भरलेला. पित्याला तो ताठा दिसला. तरीही त्याने मुलाला फटकारले नाही, किंवा किती वेद पाठ केलेस याचा हिशेबही मागितला नाही. त्याने एक प्रश्न विचारला. असा, की ज्याचे उत्तर मुलाच्या गुरूंनीही शिकविले नव्हते. मुलगा नम्र झाला आणि म्हणाला, आपणच सांगा. मग पितापुत्रांनी वडाचे फळ फोडून त्यातील बी पाहिले, पाण्यात मीठ विरघळवून ते चाखून पाहिले, आणि दोघे मिळून विचार करीत बसले. आपल्या तत्त्वज्ञानातील एक अत्युच्च विचार अशा रीतीने घरी परतलेल्या मुलाच्या आणि बापाच्या संवादातून प्रकट झाला आहे.

या कथेतील उद्दालकाची जागा आपण कशी भरून काढतो, हे आता पाहू.

पहिला प्रश्न जागेचा. आपली घरे लहान. मूल परगावी गेले की त्याच्या कपाटात धाकट्याची पुस्तके जातात, त्याच्या पलंगावर इस्त्रीचे कपडे साठतात. यात कोणाचा दोष नाही. मुंबईच्या उपनगरात रिकामी जागा रिकामी राहू शकत नाही. परंतु चार महिन्यांनी आलेल्या मुलाला पिशवी कोठे ठेवू असे विचारावे लागले, तर त्याच्या मनाला एक बारीक काटा लागतो. तो बोलून दाखवीत नाही. म्हणून येण्याच्या दोन दिवस आधी एक खण, एक खुंटी आणि अंथरुणाची एक कायम जागा मोकळी करावी. याला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट प्रवासाची. लांबच्या गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला, वांद्रे टर्मिनसला किंवा दादर-कल्याणला पुष्कळदा अवेळी पोहोचतात. मूल मोठे झाले आहे, ते स्वतः येईल, हे खरे. तरीही फलाटावर आपले माणूस दिसणे ही वेगळी गोष्ट आहे. आणखी एक व्यावहारिक सूचना करतो. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळते. परीक्षेचे वेळापत्रक हाती येताच साठावा दिवस मोजून ठेवावा, म्हणजे ऐन नाताळच्या गर्दीत मुलाला दाराशी बसून दोन रात्री काढाव्या लागणार नाहीत.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. घरी आलेले मूल पहिले तीन दिवस झोपते, आणि नऊ वाजले तरी उठत नाही म्हणून आपल्या घरांत कुरबूर सुरू होते. परीक्षेचे जागरण तर असतेच. शिवाय या वयात झोपेची नैसर्गिक वेळच रात्री उशिराकडे सरकलेली असते, असे शरीरशास्त्र सांगते. तो आळस नव्हे. चौथ्या दिवशी ते आपोआप स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहते आणि इकडचे-तिकडचे बोलू लागते. आईने हातातले काम न थांबविता ऐकावे. मुलांचे महत्त्वाचे बोलणे समोर बसवून विचारले असता येत नाही. भाजी निवडताना, दळण आणताना, बाजारातून परतताना ते येते. वडिलांनाही असा उपाय उपलब्ध आहे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आपल्या दाराशी आहे, आणि डिसेंबरच्या सकाळी कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतची वाट चालण्यासारखा आनंद मुंबईत दुसरा नाही. एकमेकांकडे पाहण्याची सक्ती नसते, त्यामुळे बरोबरीने चालणाऱ्या दोघांना बोलणे सोपे जाते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. मूल उंबरठ्याच्या आत आले की आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? प्रकृती कशी आहे, हा निघतो. दुसरा मात्र, 'पेपर कसे गेले?' हाच असतो. सायंकाळी मामा येतात, तेही तोच विचारतात. रविवारी सोसायटीतले शेजारी येतात आणि त्यांत 'नोकरीचे काय?' याची भर पडते. आठ दिवसांत दहा वेळा तोच जबाब देणाऱ्या मुलाला आपण घरी आलो आहोत की चौकशी समितीपुढे, असे वाटू लागते. ज्याचे पेपर चांगले गेले आहेत त्याला हे त्रासदायक होते, इतकेच. पण ज्याचे गेलेले नाहीत त्याचे काय होते?

बंधुभगिनींनो, येथे मला थोडे गंभीर बोलले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्र या बाबतीत अग्रभागी असतो, ही आपणा सर्वांना खाली पाहावयास लावणारी गोष्ट आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा विचार करण्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमण्याचा आदेश दिला, तो परिस्थिती गंभीर झाली म्हणूनच. यामागची कारणे अनेक आहेत आणि ती सारी घरात नाहीत. अभ्यासाचा भार आहे, भाषेची अडचण आहे, कर्जाची चिंता आहे, आणि काही ठिकाणी जातीवरून होणारा अपमानही आहे. परंतु त्या सर्वांवर एक उपाय घराच्या हाती आहे. मला अपयश आले तरी घरी जागा आहे, ही खात्री मुलाच्या मनात पक्की असणे, हा तो उपाय. ही खात्री दूरध्वनीवरून देता येत नाही. ती सुटीतच, समोरासमोर द्यावी लागते.

एखादे मूल घरी येऊनही जेवत नाही, रात्र रात्र जागते, मित्रांचे फोन घेत नाही, परत जाण्याचा विषय निघाला की गप्प होते, तर 'थकला असेल' असे म्हणून सोडून देऊ नये. सरळ विचारावे. असे विचारल्याने वाईट विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारे कोणी भेटले की मन हलके होते. डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलिमानस' ही सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

विषय बदलायचा असेल, शाखा सोडायची असेल, एक वर्ष पुन्हा बसावे लागणार असेल, तर मुलाने ते सर्वप्रथम आपल्याला सांगावे असे प्रत्येक पालकाला वाटते. त्यासाठी ऐकल्यावर पहिली पाच मिनिटे काहीही न बोलण्याचा संयम मात्र हवा. फीचे आकडे त्या पाच मिनिटांत मोजू नयेत. शेजारच्या मुलाचे उदाहरण तर मुळीच देऊ नये. एका सत्राचे नुकसान भरून निघते. बापाला सांगण्याची एकदा गेलेली हिंमत सहज परत येत नाही.

मुलींविषयी स्वतंत्रपणे बोलणे भाग आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, त्या विद्यापीठाचा मोठा विस्तार आज आपल्या उपनगरात, जुहूला आहे. शिक्षणाच्या बाबतीत आपण मुलगा-मुलगी असा भेद आता करीत नाही, याचा अभिमान वाटतो. पण सुटीत तो भेद हळूच परत येतो. मुलगा आला की त्याला पाट मांडला जातो. मुलगी आली की आईला हाताखाली माणूस मिळाले असे म्हटले जाते. जी मुलगी वसतिगृहात स्वतःचा हिशेब ठेवते, एकटी आरक्षण करून हजार मैलांचा प्रवास करून येते, तिला घरी आल्यावर सातच्या आत दारात ये असे सांगितले, तर ती मुकाट्याने ऐकेल. पण पुढच्या सुटीत न येण्यासाठी तिला काहीतरी काम निघेल. आणखी एक. ती घरी आहे तोवर एक-दोन स्थळे दाखवून घ्यावी, असा बेत काही घरांत तिच्या नकळत ठरतो. सुटी ही तिची आहे. तिच्या संमतीवाचून असा एकही दिवस खर्च करण्याचा आपणांस अधिकार नाही.

मुलगा असो वा मुलगी, घरी आलेल्याला काम सांगू नये असे मात्र मी म्हणत नाही. उलट त्याला घराच्या कारभारात घ्यावे. सोसायटीच्या पुनर्विकासाचा कागद त्याच्या हाती द्यावा, आजोबांच्या औषधांची यादी दाखवावी, घरखर्च आणि शिक्षणाचे कर्ज यांची वही मोकळेपणाने त्याच्यापुढे उघडावी. त्याचे मत विचारावे आणि ते पटले तर तसे करावे. आपल्या काळी मधुपर्काचे आसन देण्याची हीच पद्धत असू शकते.

शेवटचा मुद्दा थोडा नाजूक आहे, पण तो याच व्यासपीठावर मांडला पाहिजे. ज्यांना सुटीत आपल्या घरी जाता येत नाही असे काही विद्यार्थी प्रत्येक वसतिगृहात असतात. कोणाचे घर मणिपुरात, कोणाचे केरळात. कोणाजवळ भाड्याचे पैसे नसतात, कोणाला आईवडीलच नसतात. अशा मित्राला आपला मुलगा एखादे वेळी बरोबर घेऊन येतो. आपल्या पवईच्या आयआयटीत १९५८ पासून साऱ्या देशातून मुले येत आहेत. त्यांपैकीही कोणी नाताळात आपल्या मुलांच्या ओळखीने जेवायला येईल. तेव्हा आपण त्याला काय विचारतो? नाव विचारतो, गाव विचारतो, आणि मग आडनावावरून काही शोधू लागतो. ते शोधणे त्या मुलाच्या चटकन लक्षात येते. आपल्या मुलाच्या तर आधीच आलेले असते.

आपणा साऱ्यांच्या शिक्षणाचा इतिहास या ठिकाणी आठवावा. एके काळी विद्येचे दार सर्वांना खुले नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींसाठी वसतिगृहे उभारण्यास हात दिला, म्हणून ते दार उघडले, आणि आपल्यासारख्या संघांनी त्याच वाटेने शिष्यवृत्त्या काढल्या. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ती पंगत चालविण्यासाठी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही विकले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. परक्यांच्या मुलांना आपली म्हणणाऱ्या त्या माउलीने जे सर्वस्व देऊन केले, त्याचा अल्पांश आपल्याला एक जादा ताट वाढून करता येतो. आपला संघ आपल्या ज्ञातीचा आहे, आणि तसा तो असण्यात वावगे नाही. पण आपल्या घराचे दार ज्ञातीपुरते असू नये. चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याला किंवा नाताळच्या रविवारी घरच्या साध्या जेवणाला असा एक तरी विद्यार्थी आपल्याकडे यावा. आपल्या मुलाला त्याचा जितका अभिमान वाटेल तितका कोणत्याही मिष्टान्नाने वाटणार नाही.

संघाच्या कार्यकारी मंडळाला मी दोन सूचना करतो. शिष्यवृत्ती देताना आपण गुणपत्रिका मागतो; जानेवारीपूर्वी एक दिवस या मुलांना एकत्र बोलावून, गुणपत्रिका न मागता, त्यांच्या अडचणी ऐकाव्यात. वरच्या वर्गातील मुलांनी नव्याने जाणाऱ्यांना वसतिगृहातील अनुभव सांगावेत. दुसरे असे, की ज्या कुटुंबांना मुलाच्या येण्याजाण्याचे भाडे परवडत नाही, त्यांच्यासाठी विद्यार्थी निधीतून प्रवासखर्चाची तरतूद करावी. भाड्याअभावी आपल्या संघातील एकही मूल नाताळात रिकाम्या वसतिगृहात राहता कामा नये.

विद्यार्थिमित्रहो, एवढा वेळ आपल्या आईवडिलांना उपदेश ऐकावा लागला म्हणून आपण मनातून संतुष्ट झाला असाल. आपणांसही एक सांगतो. ज्या घराने आपल्याला पाठविले, ते घरही या काळात बदललेले असते. आईचा गुडघा दुखू लागलेला असतो, वडिलांच्या निवृत्तीचे वर्ष जवळ आलेले असते, आजी एकच गोष्ट दोनदा सांगू लागलेली असते. मोबाइल बाजूला ठेवून तेही पाहावे. त्यांनी आपल्याला विचारावे तसे आपणही त्यांना विचारावे.

आपले स्वागत आणि आपला मुक्काम दोन्ही आनंदाचे होवोत, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.